भट्टीघरातले पाच शनिवार

खिळ्याचं डोकं चौकोनी होतं आणि त्यावरचे हातोडीचे घाव एकेक मोजता येत होते. चार. नेस्टा पॅरीनं डोळे बारीक करून पाचवा शोधला, तो नव्हता. कारखान्यातल्या खिळ्यांची डोकी सपाट आणि एकसारखी असतात. हा लोहारानं ऐरणीवर घडवलेला होता. म्हणजे दार दोनशे वर्षांच्या आसपासचं. तिनं खिशातून छोटी मोजपट्टी काढून खिळ्याला लावली. अकरा मिलिमीटर.

"तो हवा असेल तर पक्कड खाली हौदाजवळ पडलीय," वरून आवाज आला.

तिनं मान वर केली. कौलांच्या कण्यावर, घोड्यावर बसावं तसा एक माणूस बसला होता. चेहरा उन्हानं लाल, केसांत शेवाळाचे तुकडे. त्याच्या मागे भट्टीचा गोल मनोरा, आणि मनोऱ्याच्या टोकावर धूर सोडणारी पांढरी लाकडी टोपी. वाऱ्याबरोबर फिरायची ती. आता एका अंगाला कलून थांबली होती.

"मी चोरत नाहीये," नेस्टा म्हणाली. "मोजतेय."

"ते दिसलं. दहा मिनिटं झाली, मोजताय. म्हटलं, हे आटोपलं की शिडीकडे लक्ष जाईल."

शिडी गवतात आडवी पडली होती. नेस्टानं शिडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"किती वेळ झाला?"

"पाऊण तास."

"हाक नाही मारलीत कुणाला?"

"मारली की. घरात आत्या आहे. तिला कमी ऐकू येतं, आणि जे ऐकू येतं त्यातलं निम्मं तिला पटत नाही."

नेस्टानं शिडी उचलून भिंतीला टेकवली, दोन पावलं मागे गेली, पाहिलं आणि पायथा आणखी वीतभर बाहेर ओढला.

"आयुष्यभर शिड्या चढतोय मी," तो म्हणाला. "चालेल तशीच."

"आणि पाऊण तास वर आहात."

तो खाली आला तेव्हा हसू दाबत होता. त्यानं हात विजारीला पुसून पुढे केला. विल्फ प्रीस. हे हेझलडीनचं शेत त्याचं, म्हणजे त्याचं आणि त्याच्या आत्याचं. नेस्टानं सांगितलं की ती हेरफर्डला माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळते, आणि नदीकाठच्या कापलेल्या शेतात फिरायची परवानगी मागायला आली आहे.

"ते शेत मंगळवारी नांगरलं मी. पेरूनही झालं. चार दिवस उशीर केलात."

"मी आधी जुने नकाशे बघत होते."

"किती दिवस?"

नेस्टा जरा घुटमळली. "सात... आठवडे."

लोक या ठिकाणी हसतात हे तिला माहीत होतं. विल्फ हसला नाही. त्यानं भट्टीघराच्या विटांवर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.

"मग हे बघा ना. बिअरसाठीची फुलं वाळवायचं भट्टीघर, आजोबांच्या काळापासून बंद पडलंय. मी इथली जमीन काँक्रीटनं बुजवणार आहे. सफरचंदं पिळायचं यंत्र बसवायचंय, त्याला सपाट जमीन लागते. ऑक्टोबरच्या मध्याला बागेत नुसता खच पडतो, त्याच्या आत काँक्रीट सुकायला हवं. एकदा ओतलं की खाली जे असेल ते कायमचं खाली. इथे तुमचं डिटेक्टर फिरवण्यात अर्थ आहे का, एवढं सांगा. हो की नाही. बास."

"एवढ्यावर नसतं भागत."

"मग कसं असतं?"

"ओस पडलेली इमारत दिसली की सगळ्यांना वाटतं, आत काहीतरी घबाड असणार. आत बहुतेक खिळे असतात. छप्पर कुजतं, खिळे गळतात, आणि यंत्र असं कोकलायला लागतं की त्यातून नाण्याचा आवाज ओळखू येत नाही." बोलता बोलता ती दारातून आत डोकावत होती. "माणसाच्या हातून वस्तू हरवते ती वाकताना, घाईत असताना, नाहीतर प्यायल्यावर. इथे ते कुठे झालं असेल, आणि तिथली माती अजून जागेवर आहे का, ते आधी शोधायचं."

"तिन्ही इथे भरपूर झालंय," विल्फ म्हणाला. "बहुधा एकाच माणसाकडून, एकाच वेळी."

नेस्टा हसली, आणि आपण हसलो याचं तिला थोडं नवल वाटलं. मग ती गाडीतून यंत्र आणि खुरपी घेऊन आली.

दाराजवळच्या कोपऱ्यात तिनं दोऱ्यानं एक मीटरचा चौकोन आखला आणि कामाला लागली. वीस मिनिटांत निकाल लागला. वरच्या थरात खिळेच खिळे. त्याखाली काळी राख, विटांचे तुकडे, वेफर्सचं चुरगळलेलं पाकीट, बाटलीचं निळं प्लॅस्टिकचं झाकण. कोपरभर खोल गेल्यावर एकदम लाल चिकणमाती लागली, कोरी करकरीत, आणि तिच्यावर फावड्याच्या सरळ खुणा. दोनशे वर्षं पायांखाली तुडवली गेलेली जमीन दगडासारखी घट्ट व्हायला हवी होती, पातळ पातळ पापुद्र्यांची. तिचा मागमूस नव्हता. कुणीतरी जुनी जमीन सबंध खणून नेली होती आणि खड्डा राखेनं भरून टाकला होता. पुस्तकाची पानं फाडून न्यावीत आणि पुठ्ठ्यांच्या मधे रद्दी कोंबावी, तसं. इथे शोधण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

ती गुडघे झटकून उभी राहिली तेव्हा विल्फ चहाचे दोन मग घेऊन दारात आला. मधल्या वेळात त्यानं डोक्यातलं शेवाळ काढलं होतं आणि केस पाण्यानं चापूनचोपून बसवले होते. एक बट तरी उभीच होती.

"मग? काय निकाल?"

'नाही' हा शब्द तोंडात तयार होता. नेस्टा तो बोलणार होती, शंभर टक्के. पण तो बोलला की खुरपी पुसायची, यंत्र गाडीत टाकायचं, आभार मानायचे आणि निघायचं... मग या दारात पुन्हा यायला कारणच उरणार नव्हतं.

"अजून सांगता येत नाही," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी यावं लागेल."

"यावं लागेल तर यावं लागेल," विल्फ फार गंभीरपणे म्हणाला.

घरी जाताना तिचे कान गरम झाले होते. हातात निकाल असताना 'सांगता येत नाही' असं ती आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली होती.

*

दुसऱ्या शनिवारी तिनं सबंध भट्टीघरात दोऱ्यांची जाळी टाकली. तिची गरज नव्हती, पण जाळी टाकायला दोन माणसं लागतात. विल्फ मोजायची फीत धरून दुसऱ्या टोकाला उभा राहायचा.

"ताणून धरा."

"ताणूनच धरलीय."

"मधे झोळ दिसतोय."

"झोळ तुमच्या बाजूला आहे."

फीत एकच असते आणि झोळ असला तर तो दोघांचा असतो, हे नेस्टाला ठाऊक होतं. तरी ती दोन पावलं त्याच्या दिशेनं गेली, तपासायला. तोही तपासायला दोन पावलं पुढे आला. झोळ अर्थातच वाढला.

मॉड आत्या चहाच्या वेळी अंगणात खुर्ची टाकून बसायच्या. वय ब्याऐंशी, पायात पुरुषी बूट, मांडीवर सफरचंदाच्या केकचं ताट. नवरा गेल्यावर त्या पुन्हा माहेरच्या शेतावर राहायला आल्या होत्या.

"झालं का तुमचं गणित?" त्यांनी नेस्टाला विचारलं.

"अजून नाही."

"आमच्या वेळी एवढ्या वेळात चर्च बांधून व्हायचं. काय गं पोरी, ही तपासणी कशाची चाललीय? जमिनीची की आमच्या विल्फची?"

"आत्या," विल्फ म्हणाला.

"मला ऐकू येत नाही," आत्या म्हणाल्या आणि केकचा मोठा तुकडा नेस्टाच्या बशीत ठेवला.

तिसऱ्या शनिवारी पाऊस आला. मोठा नव्हे, हेरफर्डशरचा नेहमीचा. पडतोय की नुसता लोंबकळतोय ते कळू नये असा. कौलांच्या फटींतून तो आत ठिबकायला लागला तसे ते दोघं यंत्र उचलून वरच्या माळ्यावर गेले. इथे पूर्वी हॉपची फुलं वाळवत. बिअरला कडवटपणा येतो तो त्याच फुलांचा. साठ वर्षं झाली तरी लाकडी पट्ट्यांना तो वास होता, कोरडा, कडसर, जड.

"डोकं सांभाळ," विल्फ म्हणाला आणि तिच्या कपाळाच्या आणि तुळईच्या मधे त्यानं आपला पंजा धरला. कपाळ पंजावर आपटलं. पंजा लगेच मागे गेला नाही.

"या वासानं झोप येते म्हणतात," थोड्या वेळानं तो म्हणाला. "लोक उशीत भरतात ही फुलं."

"मला येत नाहीये."

"मलापण नाही."

पाऊस कौलांवर चुकतमाकत वाजत होता. कोपऱ्यात लांबलचक लाकडी चौकट उभी करून ठेवली होती, तिला गोणपाट झोळीसारखं बांधलेलं. नेस्टानं विचारलं, हे काय?

"पाळणा. वेली तोडून फुलं यात खुडायची. आणि खुडणी संपली की शेवटच्या दिवशी..." तो थांबला. "ते आत्याला विचार. ती जास्त चांगलं सांगते."

आत्यांनी सांगितलं. खुडणीच्या शेवटच्या दिवशी लग्नाच्या पोरी आणि पोरं एकमेकांना धरून त्या पाळण्यात टाकायची, वर वेली लोटायची, आणि कुणीतरी मुका घेतल्याशिवाय सुटका नाही. मुकादमालाही सोडत नसत.

"एकसष्ट साली मला टाकलं. सोडवायला तिघं पुढे आले. मी म्हटलं, चला बाजूला व्हा. मी चौथ्याची वाट बघत होते."

"मग आला तो?" नेस्टानं विचारलं.

"आला की. सगळे चहाला निघून गेल्यावर. अर्धा तास मी पालापाचोळ्यात पडून, नाकात किडे. त्याचं आपलं चाललेलं, जाऊ की नको, जाऊ की नको." आत्यांनी चहा ढवळला. "बेचाळीस वर्षं संसार केला त्याच्याशी. वेळेवर एकदाही आला नाही."

"तो वरचा पाळणा अजून मजबूत आहे," विल्फ खिडकीबाहेर बघत सहज म्हणाला. "मला वाटतं."

"वाटून चालत नाही," नेस्टा म्हणाली. "तपासावं लागतं."

"तेच म्हणतोय मी."

आत्यांनी दोघांकडे पाहिलं आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. त्यात 'चर्च' हा शब्द होता. मग सरळ म्हणाल्या, "बागेत पहिली सफरचंदं पडली काल. काँक्रीटवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला. हा त्याला म्हणतो, थांब, आमच्या बाईंचा निकाल यायचाय. फार दिवस नाही थांबणार तो."

नेस्टानं केकची बशी खाली ठेवली. तिच्या एका 'सांगता येत नाही'साठी त्याचं वर्षाचं पीक गवतात सडायला लागणार होतं. पुढच्या शनिवारी सांगायचं, तिनं ठरवलं. पुढच्या शनिवारी नक्की.

*

चौथ्या शनिवारी ती सांगायच्या तयारीनंच आली होती. यंत्र उगीच सोबत असावं म्हणून चालू केलं आणि मागच्या भिंतीजवळच्या चौकोनातून सावकाश फिरवलं. खिळ्यांची कुरकुर चालू होती. मग एकदम स्वच्छ आवाज आला, गोल, भरीव. गर्दीत कुणीतरी आपलं नाव घ्यावं तसा.

तिनं गुडघे टेकले. चार बोटं खाली एक शिशाचा बिल्ला होता. अंगठ्याएवढा, राखाडी. एका बाजूला हॉपचं पान, दुसऱ्या बाजूला दोन अक्षरं, टी आणि पी. खुडणाऱ्यांना मजुरीच्या हिशेबासाठी मालक असे बिल्ले देत, दीड-दोनशे वर्षांपूर्वी. टी पी. विल्फचा एखादा पूर्वज असेल, कुणी टॉमस प्रीस. दुसरं कुणी असतं तर आनंदानं उडी मारली असती.

नेस्टानं उडी मारली नाही. ती भोवतालची राख बोटांनी चाचपत राहिली. बाकीची राख दाबून बसलेली होती. एवढ्या मूठभर जागेतली मऊ, भुसभुशीत होती, नुकतंच कुणी हात घालून काढल्यासारखी. तिनं आणखी चार बोटं खाली खणलं. वेफर्सचं पाकीट निघालं.

दोनशे वर्षांचा बिल्ला वर, आणि तीस वर्षांपूर्वीचं पाकीट खाली. जमीन असं करत नाही. जे आधी पडलं ते खाली असतं, जे नंतर पडलं ते वर. तिच्या साऱ्या शिक्षणाचा पाया एवढाच होता.

तिनं हळूच वर पाहिलं. विल्फ दारात उभा होता, हात खिशात घालून, आभाळाकडे टक लावून. आभाळात काही नव्हतं.

"मिळालं वाटतं काहीतरी?" तो म्हणाला. आवाज जरा जास्तच सहज होता.

"बिल्ला."

"अरे वा. म्हणजे... शोधण्यासारखं आहे म्हणायचं इथे. सगळंच बघावं लागेल मग. बराच वेळ लागेल, नाही?"

नेस्टानं बिल्ला प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकला. "लागेल," ती म्हणाली, आणि त्या दिवशी लवकर निघून गेली.

त्या आठवड्यात तिला धड रागावताही येईना आणि धड आनंदही होईना. माती तपासताना मधेच हसू यायचं: एवढा मोठा माणूस, रांगत जाऊन राखेत बिल्ला पुरतोय, वरून हातानं सारखं करतोय... कशासाठी, तर आपण पुन्हा यावं म्हणून. आणि लगेच राग यायचा. संग्रहालयात पाठवायचा नोंदीचा कागद टेबलावर पडून होता. वस्तू, वजन, मोजमाप, सगळं भरून झालं होतं. 'कुठे सापडली' हा रकाना रिकामा होता. तिथे ती जे लिहील ते पन्नास वर्षांनी कुणीतरी खरं मानून वाचणार होतं. गुरुवारी तिनं पेन उचलून तीनदा खाली ठेवलं.

*

पाचव्या शनिवारी ती आली तेव्हा बाग भरून आली होती. गवतात लाल-पिवळी सफरचंदं पसरली होती आणि गांधीलमाश्या त्यांच्यावर तुटून पडल्या होत्या. आत्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून बटणांचा पत्र्याचा डबा उपसत होत्या.

"बरी आलीस. तुझे डोळे चांगले आहेत, बघ जरा. माझे बारा बिल्ले होते यात, आजीच्या आजीपासूनचे. लहानपणी आम्ही सोंगट्या म्हणून खेळायचो. आता अकराच भरतात."

नेस्टानं एक उचलून पाहिला. हॉपचं पान. टी, पी.

"मी शोधून आणते," ती म्हणाली.

विल्फ भट्टीघरात होता. तिच्याकडे बघून हसला, आणि मग तिच्या हातातली पिशवी बघून हसू तसंच राहिलं, नुसतं चेहऱ्यावर.

"हा दोनशे वर्षांचा," नेस्टा म्हणाली. "याच्या खाली वेफर्सचं पाकीट होतं. मला समजावून सांग."

विल्फनं मान खाजवली. "उंदीर?"

"विल्फ."

"...मी ठेवला."

"ते माहीत आहे मला. का?"

"दुसरं काही सुचलं नाही." तो भिंतीला टेकला. "तू 'नाही' म्हणालीस की संपलं, त्याच दिवशी. 'हो' म्हणालीस तर निदान नाताळपर्यंत येत राहशील. म्हटलं, तुला 'हो' म्हणायला थोडी मदत करावी."

"आणि खरंच इथे काय आहे, ते बघायचं नव्हतं तुला?"

"इथे काही नाहीये." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आजोबांनी जुनी जमीन खणून बागेच्या रस्त्यावर टाकली. ही राख आणली ट्रॉलीनं, मी आणि त्यांनी मिळून भरली. नऊ वर्षांचा होतो. ते वेफर्सचं पाकीट बहुतेक माझंच."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"तू खिळा मोजत होतीस. ओठ जरासे हलत होते तुझे, आकडे म्हणताना. मी वरून बघत होतो... दहा मिनिटं मी शिडीबद्दल उगाच नाही गप्प बसलो." त्यानं श्वास घेतला. "तू इथे यावीस एवढंच हवं होतं मला, नेस्टा. आधी सरळ सांगायला हवं होतं. आत्ता सांगतोय."

तिच्या छातीत काहीतरी उडी मारून उठलं, पण राग अजून खाली बसला नव्हता.

"संग्रहालयात पाठवायच्या नोंदीवर मी सही करणार होते," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षाही हळू होता. "मला खोटं बोलला असतास तर चाललं असतं, विल्फ. माणसं बोलतात खोटं. पण तू जमिनीला खोटं बोलायला लावलंस. मी तिच्यावरच तेवढा विश्वास ठेवते."

तिनं बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवला आणि बाहेर पडली.

गाडीत बसून तिनं किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोरच्या काचेवर एक गांधीलमाशी चढत होती, घसरत होती, पुन्हा चढत होती. नेस्टाला कुठलंही गणित अर्धवट सोडता यायचं नाही, तसं हेही आलं नाही. तो खोटं बोलला, एकदा. मूठभर राखेत. आणि ती? पहिल्या दिवशी वीस मिनिटांत निकाल हातात आला होता. तो तिनं दडवला, आणि पुढचे तीन शनिवार दोऱ्या ताणत, फिती मोजत, गंभीर चेहऱ्यानं दडवतच राहिली. त्याच्या खोट्यानं एक कागद अडला होता. तिच्या खोट्यानं त्याची सबंध बाग. त्यानं निदान विचारल्याबरोबर कबूल केलं. तिला अजून कुणी विचारलंच नव्हतं, आणि आपण होऊन सांगायचं धाडस तिला झालं नव्हतं.

आणि का दडवलं, याचं उत्तर त्याच्या उत्तराहून तसूभरही वेगळं नव्हतं.

ती उतरली. दार लावायचं राहिलं.

बागेत विल्फ ओणवा होऊन सफरचंदं टोपलीत भरत होता, फार जोरात, त्यांनी काहीतरी गुन्हा केल्यासारखी. झाडाखाली मॉड आत्या उभ्या होत्या, हातात विल्फचा फोन, कानापासून वीतभर लांब धरलेला.

"बरं झालं आलीस," आत्या ओरडल्या. "काँक्रीटवाला आहे. सोमवारी येऊ म्हणतोय, नाहीतर थेट नोव्हेंबर. याला विचारलं तर हा म्हणतो, बाईंना विचार. तर आता तूच सांग. हो की नाही?"

विल्फ सरळ उभा राहिला. हातात एक सफरचंद होतं, ते टोपलीत टाकायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

"नाही," नेस्टा म्हणाली. "आत शोधण्यासारखं काही नाही. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

विल्फच्या भुवया वर गेल्या. "पहिल्या दिवशी?"

"वीस मिनिटांत."

"आणि तरी तू ती जाळी... ती फीत..."

"हो."

"काय म्हणतेय ती?" आत्यांनी फोनमधल्या माणसाला विचारलं. "मला ऐकू येत नाही. तुला येतंय का रे? त्यालाही येत नाही म्हणतो. मोठ्यानं बोल गं पोरी, असं काय तोंडातल्या तोंडात."

नेस्टा आवाज चढवून कधी बोलली नव्हती. प्रयोगशाळेत तशी वेळ आली नव्हती, घरीही नाही. विल्फ तिच्याकडे बघत होता, ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी फुटायच्या बेतात. फोनच्या पलीकडे एक अनोळखी माणूस वाट बघत होता. तिनं छातीभर श्वास घेतला. बागेला गोड, आंबूस वास येत होता.

"सोमवारी काँक्रीट ओता," ती ओरडली. "जमिनीत काही नाही. मी पाचही शनिवार विल्फसाठी आले होते, आणि यापुढचे सगळे त्याच्यासाठीच येणार आहे."